बुकीच्या लाइनशी गाठ: माझ्या एमएस्सी प्रोजेक्टचा अनुभव

एमएस्सी स्टॅटिस्टिक्सच्या तिसऱ्या सेमिस्टरचा माझा प्रोजेक्ट डिसेंबरात एकदाचा संपला. विषय होता एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग. अमेरिकेत प्रत्येक सामन्याआधी बुकी जी 'लाइन' (कोणता संघ किती गुणांनी जिंकेल याचा आकडा) काढतात, तिच्या जवळपास जाणारा अंदाज नुसत्या आकडेवारीवरून बांधता येतो का, हे बघायचं होतं. विषय ऐकून निम्म्या लोकांनी तोंड वाकडं केलं आणि उरलेल्यांनी "मग किती सुटले?" असं विचारलं. तर आधीच सांगते, एक पैसा लावला नाही आणि एक पैसा सुटला नाही. पण खेळाच्या डेटावर काम करायचं म्हणून ज्युनियर मुलं अधूनमधून मेसेज करत असतात, त्यांच्यासाठी सगळं घडलं तसं लिहून ठेवतेय.

शाळेत असताना मी डेक्कनला बास्केटबॉल खेळायचे. पुढे बीएस्सी झाली, मग चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात कंट्रोल चार्ट काढण्यात बरीच वर्षं गेली. पस्तिशी ओलांडल्यावर एमएस्सीला प्रवेश घेतला. वर्गातली मुलं मला ताई म्हणतात आणि कोड अडला की ही ताईच त्यांच्या मागे लागते.

जुलै २०२५ मध्ये गाईड वाटून मिळाले. वर्गात नेहमीचे विषय चालले होते: पाऊस, शेअर बाजार, कांद्याचे भाव. मला असा विषय हवा होता की ज्यात आपल्याआधी कुणीतरी तयारीच्या माणसाने अंदाज केलेला असेल आणि तो लेखी उपलब्ध असेल. पावसाचं मॉडेल केलं आणि उत्तर चुकलं तर मॉडेल वाईट की पाऊसच लहरी, हे कळायला मार्ग नसतो. इथे मात्र मोजपट्टी तयार आहे. सामना सुरू होण्याच्या क्षणी बाजारात जी लाइन असते तिला क्लोजिंग लाइन म्हणतात. तोवर सगळ्या बातम्या, दुखापती आणि जाणकारांचे पैसे तिच्यात मुरलेले असतात.

लाइन वाचायची कशी, तेही सांगते. ओक्लाहोमा सिटी थंडर −६.५ असं लिहिलं असेल, तर थंडर सात किंवा जास्त गुणांनी जिंकले तरच त्यांच्यावर पैसे लावणारा जिंकतो. प्रतिस्पर्ध्यावर लावलेले पैसे तो संघ सहा गुणांनी हरला तरी जिंकतात. दोन्हीकडे भाव साधारण सारखाच असतो: ११० डॉलर लावा, जिंकलात तर वर १०० मिळतील. मधले दहा ही बुकीची दलाली. ११० भागिले २१० करा, ५२.३८ टक्के येतात. म्हणजे शंभरातले ५२ अंदाज बरोबर आले तरी खिशातूनच जातात. हा ५२.३८ चा आकडा मी टेबलासमोर भिंतीवर चिकटवून ठेवला होता.

मॅडमनी (माझ्या गाईड) पहिल्याच बैठकीत दोन अटी घातल्या. शेवटचा एक सीझन कुलूपबंद ठेवायचा, सगळं मॉडेल पक्कं होईपर्यंत त्याच्याकडे बघायचंही नाही. आणि प्रत्येक कॉलमबद्दल एकच प्रश्न विचारायचा: हा आकडा सामना सुरू होण्याआधी कुणाला माहीत असू शकला असता का? दुसरी अट ऐकायला बाळबोध वाटते. पण 'संघाची सीझनमधली सरासरी' हा कॉलम घेतला आणि त्यात आजच्या सामन्याचे गुण मिसळलेले असले, तर मॉडेल भलतंच हुशार दिसतं. खेळावर केलेले जे प्रोजेक्ट ७० टक्के यश दाखवतात, त्यातल्या बऱ्याच जणांचं गुपित हेच असतं. पांडाजमध्ये (पायथनची डेटा हाताळायची लायब्ररी) सरासरी काढण्याआधी 'शिफ्ट' लावायला, म्हणजे आकडे एक सामना मागे सरकवायला, विसरू नका.

सिनॉप्सिस (प्रोजेक्टचा आराखडा) ऑगस्टच्या मध्यावर दिला आणि नेमका योग जुळून आला. ऑनलाइन गेमिंगचं विधेयक २० ऑगस्टला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत मंजूर झालं आणि २२ ला राष्ट्रपतींची सहीही झाली. आमच्या विभागाची कमिटी बसली ती त्याच सुमाराला. शीर्षकात 'बेटिंग' बघून एका सरांनी फाइल मिटवलीच. शेरा आला: "विषय बदलावा."

मॅडम म्हणाल्या, "विषय राहू दे. कायदा नीट वाचून ये आणि त्यात काय आहे ते एका पानात लिहून दे." वाचला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवणं, त्यांची जाहिरात करणं आणि त्यासाठी पैशांची देवाणघेवाण करून देणं, यावर त्यात बंदी आहे. पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. महाराष्ट्रात त्याआधीपासून १८८७ चा जुगारबंदीचा कायदा आहेच. दुसऱ्या देशात आधीच छापून आलेल्या आकड्यांचा अभ्यास करायला यातलं काही आड येत नाही, असं मी लिहून दिलं. शीर्षकही 'बास्केटबॉल सामन्यांतील गुणफरकाचे मॉडेल आणि बाजारातील अंदाजांशी तुलना' असं सोवळं करून टाकलं. घरी सासूबाईंना मात्र ते एक पान पुरलं नाही. "अगं, पोलीस तर नाही ना येणार?" हे त्या दिवाळीपर्यंत विचारत होत्या.

कमिटी मानली, पण ऑफिसने हमीपत्र मागितलं: 'या प्रोजेक्टसाठी मी कोणतीही पैज लावणार नाही.' तेही स्टॅम्प पेपरवर, नोटरी करून. शिवाजीनगर कोर्टापाशी गेले, तर शंभराचा स्टॅम्प पेपर चालत नाही, ऑक्टोबर २०२४ पासून किमान पाचशेचा. शिवाय नोटरीचे वेगळे. दाखल्यांसाठी लागणाऱ्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक माफ असतो, पण कॉलेजच्या अंतर्गत हमीपत्राचं काय, यावर तिथल्या टेबलावर दोन वकिलांची तीन मतं. काहीच विकत न घेता परत आले आणि विभागप्रमुखांना सरळ विचारलं, साध्या कागदावर स्वयंघोषणापत्र चालेल का? त्यांनी अर्जाच्या कोपऱ्यात 'चालेल' लिहून सही केली. पाचशे वाचले. तेव्हा ऑफिसने कुठलाही कागद मागितला की तो कशावर हवा आणि कुणाच्या सहीने हवा, हे आधी लिहून घ्या, मग घराबाहेर पडा. हे होईतो २७ ऑगस्ट उजाडला, म्हणजे गणपती बसले. मंजुरीचं पत्र अनंत चतुर्दशीनंतरच हातात पडलं. पुण्यात त्या दहा दिवसांत कुठल्याही सहीची अपेक्षा ठेवू नये, सही करणारा सापडला तरी त्याच्यापर्यंत पोचायला रस्ता उघडा नसतो.

सप्टेंबरचा बराचसा भाग डेटात गेला. मॉडेल, फॉर्म्युले यांचं सगळ्यांना आकर्षण असतं, पण माझ्या मते या प्रोजेक्टमधली खरी कामगिरी म्हणजे दोन फाइली एकमेकींना नीट जोडणं. एकीकडे सामन्यांचे बॉक्स स्कोअर (प्रत्येक सामन्याच्या आकडेवारीचे तक्ते), दुसरीकडे लाइनची फाइल. जुन्या सीझनच्या लाइन मोफत सापडल्या. अलीकडच्या काही सीझनसाठी डेटा विकणाऱ्या एका परदेशी संकेतस्थळाला साधारण अडीच हजार रुपये मोजले. त्यासाठी बँकेच्या ॲपमध्ये कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करावे लागतात. ते काम झाल्यावर लगेच बंद करा. पावतीची पीडीएफ जपून ठेवा, मला ती पुढे प्रोजेक्टला जोडावी लागली.

मी २०१२-१३ पासूनचे सीझन घेतले, कारण त्याच्या आधीचा सीझन मालक-खेळाडू वादामुळे ६६ सामन्यांचाच झाला होता. पहिली तपासणी फाइलमधल्या ओळी मोजण्याची. ३० संघ, प्रत्येकी ८२ सामने, म्हणजे सीझनला १२३० सामने. मग २०१२-१३ मध्ये १२२९ का? बोस्टन मॅरेथॉनमध्ये बाँबस्फोट झाल्यावर बोस्टन-इंडियाना सामना रद्द झाला आणि पुन्हा खेळवलाच नाही. २०१९-२० मध्ये १०५९, कारण कोविड. २०२०-२१ मध्ये १०८०, कारण तो सीझन ७२ सामन्यांचा. आणि २०२३-२४ पासून काही फाइलींत १२३१ ओळी निघतात: एनबीए कपचा अंतिम सामना लीगच्या ८२ सामन्यांत धरत नाहीत, पण फाइल बनवणाऱ्याने तो घुसडलेला असतो. अशी एकेक ओळ कुठून आली नि कुठे गेली याचा छडा लागेपर्यंत मी पुढे सरकले नाही. चाकणची सवय.

तारखांचं प्रकरण जास्त चिवट. बॉक्स स्कोअरमधली वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) होती, लाइनच्या फाइलमधली तारीख अमेरिकेतली. हिवाळ्यात न्यूयॉर्कला संध्याकाळचे सात म्हणजे यूटीसीप्रमाणे मध्यरात्र, तारीख पुढची. दुपारचे सामने मात्र त्याच तारखेला पडतात. त्यामुळे तारखेवरून फाइली जोडल्या तर काही ओळी बरोबर बसतात, काही गळतात, आणि एखादा संघ सलग दोन दिवस घरच्या मैदानावर खेळला असेल तर चुकीची लाइन बिनबोभाट चिकटते. एरर येत नाही, हाच धोका. अमेरिकेतली तारीख आणि यजमान संघ, अशी जोडी चावी म्हणून वापरली की प्रश्न मिटतो.

संघांच्या नावांतही गोची आहे. २०१२-१३ मध्ये 'हॉर्नेट्स' म्हणजे न्यू ऑर्लिन्स. पुढच्या वर्षी ते पेलिकन्स झाले आणि २०१४-१५ पासून शार्लटचे बॉबकॅट्स हॉर्नेट्स झाले. नावावरून रेटिंग पुढे नेलं तर न्यू ऑर्लिन्सची पुण्याई शार्लटच्या खात्यात जमा होते. प्रत्येक संघाला आपला स्वतःचा क्रमांक द्या आणि नावाच्या भरवशावर राहू नका. क्लिपर्स तर एका फाइलीत 'एलए' असतात आणि दुसरीत 'लॉस एंजेलिस'.

घटस्थापनेच्या सुमाराला मॉडेलला हात घातला. पायरी पहिली, एलो रेटिंग. हे घरी समजावून सांगायला मला कष्टच पडले नाहीत, कारण जुलैच्या शेवटी नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला होता आणि बुद्धिबळातलं रेटिंग घरोघरी पोचलं होतं. तेच हे. आर्पाद एलो या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकन प्राध्यापकाने काढलेलं, जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये स्वीकारलेलं. बलाढ्य संघाला हरवलं तर जास्त गुण, दुबळ्याला हरवलं तर थोडे. रेटिंगमध्ये १०० चा फरक असेल तर वरच्या संघाची जिंकण्याची शक्यता ६४ टक्के. फाइव्हथर्टीएट या आता बंद झालेल्या संकेतस्थळाने एनबीएसाठी याची आवृत्ती केली होती: घरच्या मैदानाचे १०० एलो गुण, रेटिंगच्या फरकाला २८ ने भागलं की सामन्यातल्या गुणांचा फरक, आणि नवीन सीझनला जुन्या रेटिंगचा तीन-चतुर्थांश भाग पुढे न्यायचा.

मी ते आकडे तसेच उचलले नाहीत. १०० भागिले २८ म्हणजे यजमानांना साडेतीन गुणांची आघाडी, आणि अलीकडच्या डेटात ती तेवढी उरलेलीच नाही. २०१२-१३ मध्ये यजमान संघ ६० टक्क्यांच्या आसपास सामने जिंकत होते. २०२०-२१ मध्ये, रिकाम्या किंवा अर्ध्या रिकाम्या स्टेडियममध्ये, हे प्रमाण ५५ च्या आसपास आलं. प्रेक्षक परतल्यावरही जुना आकडा परतला नाही. माझ्या मॉडेलला ७० च्या आसपासचा आकडा मानवला, म्हणजे अडीच गुण. २०२० च्या उन्हाळ्यात कोविडमुळे ऑरलँडोच्या बंदिस्त 'बबल'मध्ये झालेले सामने मी मॉडेलला शिकवायच्या डेटातून वगळले आणि मेक्सिको सिटी, पॅरिस, लास वेगासच्या तटस्थ सामन्यांना यजमानांचा फायदा शून्य धरला.

पायरी दुसरी, डीन ऑलिव्हर यांचे चार घटक. बास्केटबॉलच्या आकडेवारीत हे नाव टाळताच येत नाही. नेमबाजी, चेंडू गमावणं, आपल्याच चुकलेल्या नेमाचा रिबाउंड (उसळून आलेला चेंडू) मिळवणं आणि फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारा मोकळा नेम), या चारांना त्यांनी अनुक्रमे ४०, २५, २० आणि १५ टक्के वजन दिलं होतं. नेमबाजीत तीन गुणांच्या बास्केटला दीडपट किंमत. हे सगळं दर पझेशनमागे (चेंडू ताब्यात असतानाच्या एका चढाईमागे) मोजायचं, आणि पझेशनचा अंदाज करायचा तो असा: फील्ड गोलचे (खेळ चालू असताना मारलेल्या नेमांचे) प्रयत्न, अधिक ०.४४ गुणिले फ्री थ्रो, वजा आक्रमक रिबाउंड, अधिक टर्नओव्हर (चेंडू गमावणं). त्या ०.४४ वर मी एक अख्खी संध्याकाळ घालवली. दोन फ्री थ्रो म्हणजे एक पझेशन, मग ०.५ का नाही? कारण बास्केट झाल्यावर मिळणारा जादा एक थ्रो किंवा टेक्निकल फाउलचा थ्रो नवीन पझेशन खात नाही. शाळेत इतकी वर्षं खेळूनही खेळाकडे असं कधी बघितलं नव्हतं.

यात विश्रांतीचे दिवस घातले. काल रात्री खेळून आज पुन्हा खेळणाऱ्या संघाला माझ्या डेटात दीडेक गुणाचा फटका बसताना दिसला. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून १६०९ मीटरवर आहे, त्यासाठी एक कॉलम ठेवला. मग रिज रिग्रेशन (गुणकांना आवर घालणारं रिग्रेशन). न्यूरल नेटवर्कही चालवून पाहिलं, कारण वर्गात त्याशिवाय कुणी मान देत नाही. फरक नगण्य. रिजमध्ये प्रत्येक गुणकाचा अर्थ तोंडी सांगता येतो आणि वायवात (तोंडी परीक्षेत) तोंडच उपयोगी पडतं. सगळं काम गूगल कोलॅबच्या (ब्राउझरमध्येच कोड चालवायची सोय) मोफत आवृत्तीवर आणि जुन्या लॅपटॉपवर झालं. खास मशिन घ्यायच्या भानगडीत पडू नका.

नवा सीझन अमेरिकेत २१ ऑक्टोबरला सुरू झाला, म्हणजे आपल्याकडे पाडव्याच्या पहाटे पाच वाजता. थंडर विरुद्ध ह्यूस्टन रॉकेट्स. हा सामना मी मॉडेलचा आकडा शेजारी ठेवून बघितला. थंडर आदल्या वर्षीचे विजेते, ६८ विजय, १४ पराभव, सरासरी फरक जवळजवळ १३ गुण. माझं मॉडेल त्यांना आठ गुणांनी पुढे धरत होतं. पण त्याला दोन गोष्टी माहीत नव्हत्या: केव्हिन ड्युरंट उन्हाळ्यात ह्यूस्टनला आला होता आणि ह्यूस्टनचा गार्ड फ्रेड व्हॅनव्हलीट सप्टेंबरातच गुडघा दुखावून बाहेर गेला होता. एलोला संघ कळतो, माणसं कळत नाहीत. लाइनला दोन्ही गोष्टी माहीत होत्या आणि तिनेही थंडरलाच बरंच पुढे धरलं होतं. सामना दोन जादा डावांपर्यंत गेला आणि १२५-१२४ असा संपला. एका गुणाने. उटणं, आंघोळ, ओवाळणी सगळं खोळंबलं होतं आणि मी रेसिड्युअलच्या (प्रत्यक्ष फरक वजा अंदाज) कॉलममध्ये उणे सात भरत होते.

या उणे सातमध्ये काही विशेष नाही, आणि हे कळायला मला सगळा ऑक्टोबर लागला. प्रत्यक्ष फरक आणि क्लोजिंग लाइन यांच्यातल्या तफावतीचं स्टँडर्ड डेव्हिएशन (सरासरीभोवतीचा पसारा) १२ गुणांच्या आसपास असतं. ज्यांच्याकडे सगळी माहिती आणि पैसा आहे, त्यांचाही अंदाज तीन सामन्यांपैकी एकात १२ पेक्षा जास्त गुणांनी चुकतो. सहा गुणांनी पुढे धरलेला संघ जिंकण्याची शक्यता यातून ६९ टक्के निघते, म्हणजे दहातल्या तीन वेळा तो हरतो आणि तरी लाइन चुकलेली नसते.

भाऊबीजेच्या संध्याकाळी भावाने फोनवर बातमी दाखवली. मायामीचा खेळाडू टेरी रोझियर आणि पोर्टलंडचे प्रशिक्षक चॉन्सी बिलप्स यांना एफबीआयने अटक केली होती. रोझियरवरचा आरोप २०२३ मधल्या एका सामन्याची आतली माहिती पैज लावणाऱ्यांना दिल्याचा, बिलप्स यांच्यावरचा पत्त्यांच्या डावातल्या फसवणुकीचा. दोघांनीही आरोप नाकारले आहेत. त्याआधी एप्रिल २०२४ मध्ये जॉन्टे पोर्टर या खेळाडूवर लीगने पैजांच्याच प्रकरणात आजन्म बंदी घातली होती. मॅडमनी लगेच मेसेज केला: 'मर्यादा' या प्रकरणात एक परिच्छेद वाढव. मुद्दा रास्त होता. लाइनमध्ये ज्ञान मुरलेलं असतं असं आपण म्हणतो, तेव्हा ते कुठल्या वाटेने आलं हे आकड्यावरून दिसत नाही.

नोव्हेंबरात कुलूपबंद सीझन, २०२४-२५, उघडला. त्या दिवशी पोटात गोळा आला होता, खोटं कशाला सांगू. माझी सरासरी चूक लाइनपेक्षा साधारण अर्ध्या गुणाने जास्त निघाली. निकाल लाइनच्या कोणत्या बाजूला लागेल हे ओळखण्यात ५१ टक्क्यांच्या जरा वर यश. भिंतीवरच्या ५२.३८ च्या खाली. मग मॅडमनी सुचवलेली सगळ्यात निष्ठुर चाचणी केली: सामन्यातला प्रत्यक्ष फरक घ्यायचा आणि तो लाइन व माझा आकडा, या दोन्हींवर एकत्र रिग्रेस करायचा. लाइनचा गुणक एकच्या जवळ, माझा शून्याच्या जवळ. म्हणजे लाइन हातात असेल तर माझं मॉडेल नव्याने काहीही सांगत नाही.

ते ५१ टक्केही फार मनावर घेण्यासारखे नव्हते. १२३० सामन्यांत टक्केवारीची स्टँडर्ड एरर (नुसत्या नशिबाने होणारी चढउतार) जवळजवळ दीड टक्का येते. नाणं उडवून अंदाज करणाराही एखाद्या सीझनला ५२ गाठू शकतो. आणि समजा एखाद्याचं खरं कौशल्य ५३ टक्के आहे, ते ५२.३८ पेक्षा खरोखर वर आहे हे दोन स्टँडर्ड एररच्या अंतराने दाखवायला किती सामने लागतील? साधारण २६ हजार. म्हणजे रोजचा प्रत्येक सामना धरला तरी २१ सीझन. महिन्याभराच्या 'रिझल्ट'चे स्क्रीनशॉट टाकून टिप्स विकणाऱ्यांना हा हिशेब दाखवावा. माझ्या अख्ख्या प्रोजेक्टमधलं मला सर्वात आवडणारं पान हेच आहे, आणि त्याला बास्केटबॉलचा एकही आकडा लागला नाही.

रिपोर्ट लिहायला तीन आठवडे धरा. साम्य तपासणीत (मजकूर दुसरीकडून उचललेला नाही ना, याच्या) १० टक्क्यांच्या आत यावं लागतं. एलो आणि रिजच्या व्याख्या सगळ्यांच्या सारख्याच असतात, तिथे टक्के वाढतात. स्वतःच्या उदाहरणातून समजावलं की उतरतात. आलेख काळ्या-पांढऱ्या छपाईत कळतील असे काढा, रंगीत पानाचे दर निराळे पडतात. डेटा, छपाई, स्पायरल, नंतरचं बाइंडिंग आणि रिक्षा-मेट्रो धरून माझा खर्च पाच हजारांच्या आत बसला, त्यातला निम्मा डेटाचा.

वायवा डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. एक्स्टर्नल सर (बाहेरचे परीक्षक) बाहेरगावचे, वयस्कर, क्रिकेटचे शौकीन. बास्केटबॉलचं काही माहीत नाही असं त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं आणि मी निर्धास्त झाले. मग त्यांनी गुणफरकाचा हिस्टोग्राम (किती गुणांच्या फरकाचे किती सामने, हा आलेख) पुढे ओढला, बरोबर मध्यावर पेन ठेवलं.

"इथे खड्डा का आहे?"

शून्यावर एकही सामना नव्हता. बास्केटबॉलमध्ये बरोबरी राहत नाही, जादा डाव खेळवतात, हे मी सांगितलं.

"मग तुम्ही घंटेच्या आकाराचं नॉर्मल वितरण धरलंत ते शून्यालाही शक्यता देतं. ती कुठे गेली?"

ती शक्यता जादा डावांतून आजूबाजूच्या आकड्यांवर वाटली जाते, लहान फरकांशी नॉर्मल नीट जुळत नाही, आणि म्हणून एक-दोन गुणांच्या लाइनवर माझ्या शक्यता कच्च्या आहेत, असं मी म्हणाले. त्यांनी मान डोलावली.

"म्हणजे मॉडेल हरलं?"

"लाइनपेक्षा मागे पडलं, सर. किती मागे, ते प्रकरण पाचमध्ये दिलंय."

"तेवढंच दिलंय. ५१ टक्क्यांच्या शेजारी कॉन्फिडन्स इंटरव्हल लिहा. आणि जादा डावात गेलेले सामने वेगळे काढून एक तक्ता जोडा."

दोन्ही दुरुस्त्या त्याच रात्री झाल्या. एका सीनियरने आधीच बजावलं होतं, त्यामुळे वायवाला स्पायरल प्रत नेली होती. काळं बाइंडिंग आणि सोनेरी अक्षरं वायवानंतरच करा. तुमच्या विभागात हे चालतं का ते मात्र आधी विचारून घ्या, काही ठिकाणी बांधलेलीच प्रत मागतात. कसबा पेठ मेट्रो स्टेशनवर उतरून चालत अप्पा बळवंत चौकात गेले, गाडी घेऊन जायचा विचारही करू नये. तीन प्रती, दोन दिवसांनी मिळाल्या. जमा करताना ऑफिसमधले काका स्वयंघोषणापत्र शोधत बसले. माझ्याकडे त्याची आवक शिक्का मारलेली झेरॉक्स होती, ती पुढे केली. असा शिक्का प्रत्येक कागदावर तिथल्या तिथे मारून घ्या, नंतर कुणी मारून देत नाही.